मालकास नियम माहीत होता का

सातव्या प्रश्नाला वखारीचा मालक "मुळीच नाही" म्हणाला आणि मागे करवतीपाशी उभा असलेला कारागीर मोठ्याने हसला. करवत नेमकी बंद होती, पट्टा बदलायचं चाललं होतं, त्यामुळे ते हसू सगळ्या वखारीत ऐकू गेलं. प्रश्न विचारणारी मुलगी चोवीस-पंचवीसची असेल. कुठल्याशा संस्थेकडून आली होती. लाकूड व्यापाऱ्यांना जंगलाचे कायदे कितपत ठाऊक आहेत आणि ते कितपत पाळले जातात, ह्याची पाहणी करत होती. नाव लिहिणार नाही, सही घेणार नाही, कुठल्याही खात्याला कागद दाखवणार नाही, असं तिने बसायच्या आधीच दोनदा सांगितलं होतं. म्हणजे खरं बोलायला हरकत कसलीच नव्हती. "लाकूड तोडणं, आणणं, साठवणं आणि विकणं ह्यासंबंधीच्या नियमांची तुम्हाला माहिती आहे का? पूर्ण, थोडीफार, की मुळीच नाही?" तिने वाचलं, आणि ह्याच्या तोंडून उत्तर निघून गेलं. विचार करून नव्हे. डोळ्यांपुढे हात आला की पापणी मिटते तसं. मुलीने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, मग कागदावर खूण केली. आठवा प्रश्न, नियमांचं पालन करता का? "पूर्ण," तो म्हणाला. म्हणजे मुळीच माहीत नसलेल्या नियमांचं पूर्ण पालन. तिने तिथेही खूण केली, आभार मानले आणि ओंडक्यांच्या थप्प्यांमधून वाट काढत शेजारच्या वखारीकडे गेली.

कारागीर हसला ह्यात त्याची काही चूक नव्हती. ह्या माणसाला सगळा लाकूडबाजार 'वकील' म्हणतो. कॉलेजचं तोंडही न पाहिलेला माणूस, पण कुठल्या झाडाच्या वाहतुकीला पास लागतो, कुठल्याला लागत नाही, पास किती तासांचा असतो, वाटेत ट्रक बंद पडला तर मुदत वाढवून कुणाकडून घ्यायची, जप्त केलेला माल कितव्या दिवशी सोडवता येतो, हे सगळं त्याच्या जिभेच्या टोकावर. बाजारातले लोक चहा पाजून सल्ला घेत. जंगलखात्यातले नवे कारकूनसुद्धा हळूच फोन करून विचारत, "साहेब विचारतायत, ते अमुक पोटकलम कितवं हो?" आणि हा पुस्तक न उघडता सांगे. हे वेड लागलं ते सतराव्या वर्षी. वडिलांचा ट्रक नाक्यावर अडवला होता, पासाची मुदत तीन तासांनी टळली म्हणून. वडील अकरा दिवस नाक्यावरच्या बाकावर बसून होते. हा डबा घेऊन जायचा, तेव्हा आपल्यापेक्षा लहान वयाच्या शिपायाला ते "साहेब, साहेब" करताना दिसत. बाराव्या दिवशी त्याने कायद्याचं पुस्तक विकत घेतलं आणि बाकीची पोरं गाणी पाठ करत त्या वयात कलमं पाठ केली. आपल्याला कुणापुढे बसून राहावं लागू नये एवढीच त्यामागे इच्छा होती. कुंपण नीट ओळखीचं झालं की ते कुठे सैल आहे हेही कळतं, हे पुढे आपसूक आलं. त्याने ते ओढवून आणलं नव्हतं, असं तो स्वतःला बरीच वर्षं सांगत होता.

"वकीलसाहेब, मुळीच नाही?" कारागीर पट्टा चढवता चढवता म्हणाला.

"तू पट्टा बघ. मागच्या वेळेसारखा वाकडा बसवशील."

"मी बघतोच आहे. पण ती बिचारी खरं समजून गेली असेल ना."

खरं समजून सगळीकडूनच जाणार होती ती. कारण हे वाक्य आता एकट्याचं राहिलेलं नव्हतं, बाजाराचं झालं होतं. नऊ वर्षांपूर्वी त्याने ते पहिल्यांदा कोर्टात उच्चारलं, त्याचा गुण आला, आणि मग हळूहळू प्रत्येक वखारवाल्याने ते उचललं. कागद-पेन घेऊन कुणीही दारात उभं राहिलं की चेहरा जरा बावळट करायचा आणि म्हणायचं, आम्हाला त्यातलं काही कळत नाही. वीस वर्षं धंद्यात मुरलेली माणसं एकमेकांना डोळे मिचकावत हे म्हणत. ही मुलगी पन्नास वखारी फिरेल, पन्नास ठिकाणी 'मुळीच नाही'वर खूण करेल आणि अहवालात लिहील की व्यापाऱ्यांमध्ये अज्ञान फार आहे. मग शिबिर भरेल. खुर्च्या मांडतील, पत्रकं वाटतील, खात्याचा कुणी तरी माईकवर बोट टकटक वाजवून ओंडक्यावरच्या शिक्क्याचं महत्त्व सांगेल आणि पहिल्या रांगेत वकील बसलेला असेल, वहीत टिपून घेत. ह्या चित्राचं त्याला एरवी हसू आलं असतं. आज तोंड कडू झालं. शर्टाच्या खिशात बहिणीने पाठवलेला अर्ज चौघडी करून ठेवलेला होता आणि त्या अर्जातही तोच प्रश्न होता.

सकाळी बहिणीचा फोन आला होता. धाकटी बहीण, एकुलती. "दादा, उद्या शेवटचा दिवस आहे," ती म्हणाली. "हे स्वतः मागणार नाहीत तुझ्याकडे. मी मागतेय." हे म्हणजे तिचा नवरा. वकिलाचा मेहुणा, आणि नऊ वर्षांपूर्वीपर्यंत ह्याच वखारीचा मापारी. लाकडाचं माप घ्यायला परवाना लागतो. मापाऱ्याने टेप लावून लांबी-घेर लिहायचा, प्रत्येक ओंडक्यावर सरकारी शिक्का आहे की नाही बघायचं आणि खाली सही करायची. ती सही त्याची, म्हणून जबाबदारीही त्याची. मेहुण्याचा परवाना त्या वेळी रद्द झाला. तेव्हापासून तो एका पार्सलच्या गोदामात खोकी काट्यावर चढवतो आणि उतरवतो. वय बावन्न, पाठ गेलेली, आणि तेही गोदाम आता महिनाअखेर बंद होणार होतं. दुसरं काम त्याला येतच नव्हतं. ह्या वर्षी नवा नियम निघाला, रद्द झालेले परवाने परत देण्याचा. अट एकच. अर्जात मालकाने भरायचा एक रकाना होता: संबंधित वेळी मालकास नियम माहीत होता का? होय, नाही. 'नाही' असेल तर अर्ज तिथेच निकालात. मालकाला माहीत नव्हतं तर सांगणं हे मापाऱ्याचंच काम होतं. 'होय' असेल, आणि मालकाने खाली दोन ओळी लिहून सही केली, तर मापारी हुकमाचा ताबेदार ठरतो आणि परवाना परत मिळतो.

आणि वकिलाला ह्यात भीती कशाची होती? कायद्याची तर नव्हतीच. खटला भरायची मुदत केव्हाच टळली होती, पोटकलमासकट त्याला ठाऊक होतं. दंड नाही, वखारीचा परवाना जाणार नाही, बाजारात कुणाला कळणारही नाही. एक खूण आणि दोन ओळी. तरी अर्ज येऊन आठवडा झाला होता आणि त्याने तीन मसुदे करून फाडले होते. तिन्हींत 'काहीशा गैरसमजातून' हे शब्द आले होते. काहीही न सांगता पानभर लिहिण्याची कला त्याला अवगत होती. साधं लिहायला बसलं की पेन आपोआप वळण घेई.

चार वाजता वखार कारागिरावर सोपवून तो निघाला. बहिणीचं घर पायी पंचवीस मिनिटांवर. कॉलरमध्ये भुसा गेला होता, मान खाजत होती. तीस वर्षं रोज जातो आणि तीस वर्षं रोज खाजते. रस्त्यावर नव्या इमारतीचं काम चाललं होतं, फळ्यांच्या कडा उन्हात चकाकत होत्या आणि त्याने नकळत मनात माप घेतलं, दहा फूट, एक इंच, सहा इंच. मग वाटलं की ही सवय मेहुण्याची, आपल्याला लागलेली. मेहुणा कुठेही गेला की मापं घ्यायचा. लग्नात मांडवाच्या खांबांची घेतली होती. बहीण तेव्हा लाजून चूर झाली होती आणि वडील म्हणाले होते, माणूस सरळ आहे, पोरीचं भलं होईल. वडिलांना माणसं कळत असत. एवढंच, की आपल्याच पोराबद्दल त्यांनी कधी काही म्हटलं नाही.

त्या वर्षी चौदा ओंडके आले होते, शिक्का नसलेले. कुठून आले, कसे आले, ते राहू दे. बाजारात सगळ्यांकडेच येत. जंगलातून रीतसर आलेल्या ओंडक्याच्या बुंध्याकडच्या तोंडावर हातोड्याने ठोकलेला शिक्का असतो. नियम असा, की कापायला शेंड्याकडून सुरुवात करायची, म्हणजे शिक्का शेवटपर्यंत लाकडाबरोबर राहतो. बाजाराची रीत उलटी. माल आला की पहिल्या दिवशीच शिक्क्याची बाजू दोन बोटं जाडीने कापून चकती काढायची आणि चकत्या पोत्यात जपून ठेवायच्या. मग बिनशिक्क्याचा माल आला की पोतं उघडायचं, जुळेल तेवढ्या घेराची चकती निवडायची, सरस आणि लाकडी खुंट्या मारून बसवायची आणि सांध्यावर चिखल चोळायचा. ह्याला टोपी बसवणं म्हणत. जुना पास दाखवायचा, जुनाच आकडा वहीत उतरवायचा, झालं. मेहुण्याने तोवर हे कधी केलेलं नव्हतं. वकिलाने त्याच्यापासून हे काम नेहमी दूर ठेवलं होतं, पण त्या आठवड्यात दुसरा माणूस आजारी पडला आणि गिऱ्हाईक दारात उभं होतं.

"दादा, हे चालतं?" मेहुण्याने चकती हातात उलटीसुलटी करून विचारलं होतं. संशयाने नाही. बघावं विचारून म्हणून.

"चालतं म्हणजे? नियमच आहे. शिक्का निखळला तर मालकाने तो परत बसवायचा. नाही बसवला तर उलट दंड." आणि वकिलाने कलमाचा आकडा सांगितला, पोटकलमासकट. आकडा खरा होता. त्या कलमात जळाऊ लाकडाच्या मोळ्यांबद्दल काही तरी होतं.

"असं होय," मेहुणा म्हणाला, आणि दिवसभर खाली बसून चौदा चकत्या बसवल्या. एक खुंटी वाकडी गेली तर काढून परत मारली. चिखल मात्र चोळला नाही. नियमच आहे म्हटल्यावर सांधा कशाला लपवायचा? संध्याकाळी वकील म्हणाला, वहीत पासावरचे आकडे उतरवून घ्या. मेहुणा हो म्हणाला. पण टेप न लावता आकडा लिहायचा, हे त्याच्या हातून होईना. त्याने चौदाही ओंडके नीट मोजले, चकतीसकट, आणि जे भरलं ते लिहिलं. चौदापैकी अकरा पासापेक्षा लांब भरले. त्याने प्रत्येक आकड्यापुढे सही केली. खोटं करायला कचरणारा माणूस बाजारात एखादा असतोही. खोटं करताना माप खरं लिहिणारा हा एकटाच निघाला.

आठ दिवसांनी तपासणी आली. अधिकारी वयस्कर होता, घाईत नव्हता. त्याने पास आणि वही शेजारी शेजारी ठेवली, चष्मा पुसला आणि म्हणाला, "तुमच्याकडे तोडलेलं झाडही वाढतं वाटतं?" मग उठून त्याने पहिल्या ओंडक्याच्या चकतीवर नुसती टाच मारली. मेहुणा पुढे झाला आणि समजावून सांगू लागला. अगदी मन लावून, कलमाच्या आकड्यासकट. अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर आधी राग होता, मग त्याची जागा कीवेने घेतली, आणि त्याने मेहुण्यावरून नजर काढून वकिलाकडे पाहिलं. वकील त्या वेळी करवतीचा पट्टा बघत होता. पट्ट्यात बघण्यासारखं काहीही नव्हतं. एक दात तुटला होता, तो त्याने बोटाने चाचपला, आणि त्या दाताचा गारवा अजूनही कधी कधी बोटाला जाणवतो.

रात्रभर जागून त्याने बचाव तयार केला तो मेहुण्याचा नव्हे. दुसऱ्या दिवशी मेहुण्याला घरी गाठून म्हणाला, "अहो, नियम बदललाय म्हणे. मला पत्ताच नाही. जुना नियम होता तो मी सांगितला तुम्हाला." मेहुणा म्हणाला, "माणूस आहे दादा, चुकतो एखादा नियम." मग वकिलाने समजावलं, की वखार बंद झाली तर दोन घरं बसतील. सही मापाऱ्याची आहे तेव्हा त्याच्यावर येणारच आहे, पण मालकावर नाही आलं तर निदान बाहेर राहून त्याला दोन्ही घरांकडे बघता येईल. बहीण आतल्या दारात उभी राहून ऐकत होती. मेहुण्याने तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. आणि कोर्टात विचारलं गेलं तेव्हा वकील म्हणाला, "साहेब, माप आणि शिक्के सगळं मापारीच बघतात. मला त्यातलं मुळीच काही कळत नाही." बाकावर बसलेले बाजारातले तीन-चार व्यापारी तोंडं खाली घालून हसू दाबत होते. मेहुणा मात्र हसला नाही. तो वकिलाकडे बघत होता, आणि त्या बघण्यात दया होती: बिचाऱ्याला खरंच माहीत नव्हतं आणि आता चारचौघांत कबूल करावं लागतंय. वकिलाला दंड झाला. मेहुण्याला आठ महिने कैद, आणि परवाना गेला तो गेलाच.

त्या आठ महिन्यांत बहिणीचं घर वकिलाने चालवलं, भाचीची फी भरली, औषधं आणली, नळ दुरुस्त करून दिला. कुणी बोट दाखवू नये असं वागला. मेहुणा सुटून आला तेव्हा वीस किलोंनी उतरलेला होता आणि पहिलं वाक्य बोलला ते, "दादा, फार त्रास पडला तुम्हाला." हे वाक्य वकील आजतागायत गिळू शकलेला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिवीला उत्तर देता येतं, भांडता येतं, एक दिवस भांडण मिटवताही येतं. ह्या माणसाने त्याला निर्दोष ठरवून टाकलं होतं आणि त्यावर अपील नव्हतं. जगात सगळ्यांना ठाऊक होतं, कोर्टाला ठाऊक असावं, कारागिराला ठाऊक होतं. एका मेहुण्याला ठाऊक नव्हतं, आणि वकिलाला कळलं होतं की आपण जो काही चांगला माणूस उरलो आहोत तो तेवढ्या एका डोक्यात उरलो आहोत. ह्या अर्जावर 'होय' म्हणायचं म्हणजे ते शेवटचं घरही आपल्या हाताने पाडायचं. मुदत टळली म्हणून सुटलेल्या माणसाला एवढीच काय ती शिक्षा बाकी होती, आणि तिलाच तो घाबरत होता.

बहिणीचं घर तिसऱ्या मजल्यावर. जिन्याचा कठडा मेहुण्याने कधी तरी स्वतः बसवलेला, सांधे असे की नख जाणार नाही. दार उघडंच होतं. मेहुणा टेबलापाशी बसला होता, पाठीला उशी लावून, आणि उठायला लागला.

"बसा हो, बसा मेहुणे. उठताय कशाला."

"या दादा. चहा ठेवतेय ती. तुम्हाला उगीच दगदग. मी हिला म्हटलं होतं, त्यांना कशाला त्रास."

"त्रास कसला."

"नाही, खरंच सांगतो. माझं काय, मिळाला परवाना तर मिळाला." असं म्हणताना त्याचा हात टेबलाच्या कडेवरून फिरत होता, अंगठा आणि तर्जनी ताणून, एक वीत, दोन वीत. मग त्याला काही तरी आठवलं आणि चेहरा खुलला. "अहो, ती पाहणीवाली पोरगी आली होती का तुमच्याकडे? परवा गोदामात आली होती. जुने मापारीही घ्यायचे आहेत म्हणाली. सगळे प्रश्न विचारले. मी सगळ्यांची बरोबर उत्तरं दिली. ती म्हणाली, काका, तुम्हाला एवढं कसं माहीत? मी म्हटलं, मला काय विचारता, आमच्या दादांकडे जा. कायदा तोंडपाठ आहे त्यांना. त्या एका नियमात तेवढी गफलत झाली, नाही तर सबंध बाजारात तसा माणूस नाही. पत्ता लिहून दिला मी तिला."

वकिलाने "आली होती" एवढंच म्हटलं. मुलीने जास्त वेळ का पाहिलं, ते त्याला आता कळलं. लाज वाटायला हवी होती, वाटलीही. पण लाजेच्या खाली आणखी एक गोष्ट होती, संताप, आणि तो संताप ह्या समोरच्या माणसावरचा होता. ह्याला कधीच कसा संशय येत नाही? आठ महिने भिंतीकडे बघत बसला तेव्हा एकदाही हिशेब जुळवून पाहिला नाही? एवढं सरळ असणं हा दुसऱ्यावर जुलूम आहे. बहिणीने चहा आणला, त्याच्यापुढे ठेवला आणि शेजारी पेन ठेवलं. मग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली, त्या दिवशी उभी होती तशीच.

त्याने अर्ज खिशातून काढला, घड्या तळव्याने सपाट केल्या. 'होय'च्या चौकोनात खूण केली. हात हलका झाला होता. रागानेच की काय कोण जाणे, पण पेन ह्या वेळी वळलं नाही. त्याने लिहिलं: 'नियम मला पूर्ण माहीत होता. शिक्का काढून दुसऱ्या ओंडक्याला बसवणं गुन्हा आहे हे माहीत होतं. मापाऱ्यांनी विचारलं तेव्हा मी त्यांना खोटं कलम सांगितलं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. नंतर कोर्टातही मी खोटं बोललो.' पाच वाक्यं. खाली सही केली, तारीख घातली आणि कागद टेबलावरून पलीकडे सरकवला. बरं वाटत होतं, सडका दात उपटल्यावर वाटतं तसं. आता हा वाचेल. आता काय व्हायचं ते होऊ दे.

मेहुण्याने चष्मा लावला. ओळीखाली बोट धरून, वहीतले आकडे वाचावेत तसं त्याने एकदा वाचलं आणि परत पहिल्यापासून वाचलं. चष्मा काढला. डोळ्यांत पाणी होतं.

"दादा," तो म्हणाला. "हे काय लिहिलंत तुम्ही?"

वकिलाने पेनाला टोपण लावलं.

"एवढं? अहो, एवढं स्वतःवर घ्यायची काय गरज होती? नुसतं 'होय' लिहिलं असतं. खोटं कलम सांगितलं काय, कोर्टात खोटं बोललो काय! माझ्या परवान्यासाठी तुम्ही सरकारी कागदावर स्वतःला चोर ठरवून घेतलंत?"

"मेहुणे," वकील म्हणाला, "ते तसं नाही."

मेहुणा थांबला. चांगला थांबला, ऐकायला मान पुढे करून. घाई त्याला कधीच नव्हती. पंखा फिरत होता, चहावर साय धरत होती, आणि बोलायला लागणारे दोन शब्द वकिलाच्या तोंडात तयार होते. खरं आहे. एवढेच दोन. समोरचा चेहरा त्याने पाहिला, आणि तो चेहरा त्याच्यावर नऊ वर्षांत होता त्याहूनही जास्त विश्वास टाकून बसला होता.

"घरचंच काम आहे," वकील म्हणाला. "त्यात काय एवढं."

मेहुण्याने कागद दोन्ही हातांनी उचलून प्लॅस्टिकच्या पिशवीत सरकवला आणि चपला घालायला गेला; खाली बसस्टॉपपर्यंत पोचवणार म्हणे, पाठ दुखली तरी चालेल. बहिणीने टेबलावरची पिशवी उचलून कागद वाचला आणि ती दाराशी आली. आवाज अगदी खाली ठेवून, भाजीचा निरोप द्यावा तशी म्हणाली, "दादा, खोटं लिहिताना तुझं अक्षर बारीक होत जातं. शाळेत बाई तेवढ्यावरून पकडायच्या तुला. हे सगळं एकसारखं आलंय."

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती रडत नव्हती, चिडलेली नव्हती. तिने त्याच्या कॉलरवरचा भुसा झटकला.

"ह्यांना सांगू नकोस आता," ती म्हणाली. "परवाना मिळू दे. आणि तू काही दिवस येऊ नकोस."

खाली उन्हाची तिरीप रस्त्यावर आडवी पडली होती. मेहुणा एक हात कमरेवर ठेवून हळूहळू चालत होता आणि बोलत होता. टेप नवा घ्यावा लागेल, जुना गंजला असेल, हल्ली पोलादी येतात त्यांचे आकडे पुसत नाहीत म्हणे. मध्येच थांबून त्याने वकिलाचा हात दोन्ही हातांत घेतला.

"उद्या कचेरीत मी सगळ्यांना दाखवणार आहे हा कागद. मालक असावा तर असा, म्हणून सांगणार आहे."

"नका सांगू," वकील म्हणाला. "खरंच नका."

"बरं बाबा, नाही सांगत." मेहुणा हसला. "तुम्हाला मोठेपणा नको असतो, ठाऊक आहे मला."

बस आली. वकील चढला, खिडकीपाशी जागा मिळाली. मेहुणा स्टॉपवर उभा राहून हात हलवत होता. बस वळेपर्यंत वकीलही हात हलवत राहिला.